अप्पांचं कलम

कलम अप्पांनी लिहिलं होतं, आणि अप्पांनी लिहिलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेला माणूस. सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही. अंगाने वाढणाऱ्या पण समजेने चार-पाच वर्षांपाशीच थांबलेल्या मुलांसाठी वीस-पंचवीस आईबापांनी मिळून ते वसतिगृह काढलं, तेव्हा संस्थेची घटना लिहायचं काम अप्पांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

त्या घटनेत बदल करायचा अधिकार फक्त पालकांना, म्हणजे जन्मदात्या आईवडिलांना. किमान सात पालक हजर हवेत आणि एकाचीही हरकत नको. भावंडं, काका, मामा कुणीही सभासद होऊ शकणार नाही. आणि पालक सातांहून कमी उरले, तर संस्था बंद, इमारत सरकारजमा. म्हणजे पुढे कुणा भावाबहिणीला ती विकून खाता येऊ नये. कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून अप्पांनी कुंपणच हद्दपार केलं होतं.

तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण कधीतरी मरणार, हे त्या सभेत एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसांना कुठे असलं काही सुचतं!

आता बरोबर सात पालक उरले होते, आणि सगळी पिकली पानं. नवीन कुणी येत नव्हतं, कारण हल्ली मुलांना अशा ठिकाणी ठेवायची पद्धत उरली नाही. संस्थेच्या वकीलबाईंनी एकच मार्ग सांगितला: सातही जण आहेत तोवर सभा घ्या आणि भावंडांना सभासद करून घ्या.

धावपळ केली ती अप्पांच्या मुलीने. वसतिगृहात तिला सगळे ताईच म्हणत, कारण राजा म्हणायचा. राजा तिचा धाकटा भाऊ, पन्नाशीला आलेला, कानामागे पांढरा झालेला आणि अजून बुटाची नाडी दिसली की ओढणारा. दर रविवारी ताई दोन बस बदलून यायची आणि त्याची नखं कापायची. घरी अर्धांगाने पडलेला नवरा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही, स्वतःचे गुडघे कुरकुरणारे. तरी रविवार चुकला नाही.

सभा जेवणघरात भरली. दोघं चाकाच्या खुर्चीत, एकाच्या कानातलं यंत्र मधूनच शिट्टी मारत होतं, आणि टेलरकाकू नेहमीप्रमाणे पहिल्या पाच मिनिटांत पेंगायला लागल्या. त्यांची मुलगी इथेच राजाच्या शेजारच्या खोलीत राहायची. वकीलबाईंनी ठराव वाचला. कुणाची हरकत?

"माझी आहे," अप्पा म्हणाले.

टेलरकाकूसुद्धा जाग्या झाल्या.

"अप्पा, अहो, काय बोलताय!" ताई भिंतीशी उभी होती, बोलायचा अधिकार नसताना बोलली.

"कलम आहे तसंच राहील."

ताईने त्यांना हाताला धरून मागच्या ओट्यावर नेलं. "तुमच्यानंतर त्याचं काय? कुठल्या तरी सरकारी निवाऱ्यात टाकतील त्याला, शंभर माणसांत. नखं वाढली तर कुणी बघणार नाही. कशासाठी एवढा हट्ट?"

अप्पा ओट्याच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "तू सतरा वर्षांची होतीस. जिन्यात मैत्रिणीशी बोलत होतीस. मी वर येत होतो. तू म्हणालीस, हा मेला तर आम्ही सुटू एकदाचे."

ताईला आठवेना. पण आपण असं म्हटलंच नसेल, हेही तिला छातीठोकपणे सांगता येईना. "सतरा वर्षांची होते हो मी," ती म्हणाली. "आई दिवसभर त्याला भरवायची. मी जेवले का, हे कुणी विचारायचं नाही. त्या एका वाक्यावरून तुम्ही सगळ्यांच्या भावंडांना बाहेर ठेवलंत?"

"तू घरातली सगळ्यात चांगली होतीस," अप्पा म्हणाले. "तू असं म्हणतेस, तर बाकीची काय म्हणत असतील?"

ताई घरी गेली आणि नवऱ्याला भरवताना ढसाढसा रडली.

पण रविवारी आलीच. अप्पाही आले होते, राजापाशी बसले होते, आणि नेलकटर त्यांच्या हातात होतं. राजा मुठी आवळून ओरडत होता. ताईने नेलकटर घेतलं. राजाने खिडकीबाहेर बघत बघत हात तिच्या मांडीवर टाकला, आपला नसल्यासारखा, आणि गप्प झाला. अप्पा दहाही बोटं होईस्तोवर बघत राहिले.

जाताना म्हणाले, "नोटीस काढायला सांग. माझी हरकत नाही."

घटनेप्रमाणे सभेला तीन आठवड्यांची नोटीस लागते. तीही अप्पांनीच घातलेली, लांबचे पालक पोचावेत म्हणून. ताईने त्या दिवसांत सातही घरी फोन केले, औषधं घेतली का विचारलं, गारठ्यात बाहेर पडू नका म्हणून बजावलं. लोक आपल्या आईबापांना जपत नाहीत इतकं तिने परक्यांच्या आईबापांना जपलं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी टेलरकाकू खुर्चीत पेंगल्या, त्या उठल्याच नाहीत.

बाकीचे सहा तरीही आले. गाड्या आधीच ठरवल्या होत्या, आणि कुणाला येऊ नका म्हणायचं ताईला सुचलं नाही. वकीलबाई उभ्या राहिल्या. "कलम बदलायला सात लागतात," त्या म्हणाल्या. "सहा उरले की बदलायचं कुणी, याला आता उत्तरच नाही. कोर्टातही हेच कलम वाचून दाखवतील. मला संस्था बंद झाल्याचं कळवावं लागेल."

"पण आमची कुणाची हरकत नाही ना!" कानात यंत्र असलेले आजोबा ओरडले. "लिहा की तसं!"

कुणी काही लिहिलं नाही. आतल्या खोलीतून टेलरकाकूंच्या मुलीचं हसू ऐकू येत होतं. तिला अजून सांगितलं नव्हतं.

अप्पा उठले. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ताईपाशी येऊन त्यांनी तिचं मनगट धरलं. लेथवाल्याचा हात, अजून घट्ट.

"माझं चुकलं," ते म्हणाले. सगळ्या आयुष्यात ताईने त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. "तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. तू नेशील ना राजाला? तुझ्या घरी नेशील ना?"

ताईने तोंड उघडलं. तीन जिने, दोन खोल्या, त्यातल्या एकीत लुळा पडलेला माणूस, आणि राजा जिना बघूनच जमिनीवर बसणारा. 'हो' म्हणजे केवढासा शब्द! तिने तो शोधला, अगदी मनापासून शोधला.

अप्पा तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. मग हळूच त्यांनी तिचं मनगट सोडलं.