टाकी थंड होणार नाही

खाणीवर सगळे तिला जंतूबाई म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. गरम पाण्याच्या झऱ्यातून आणलेले सूक्ष्मजीव तिनं एका उंच टाकीत वाढवले होते. हात घातला तर कातडी सोलून निघेल अशा आंबट पाण्यात ते सुखानं नांदत आणि दगडाच्या भुकटीतलं तांबं सोडवून पाण्यात उतरवत. भट्टीवाल्यांनी टाकाऊ म्हणून ढिगावर फेकलेला दगड होता तो.

नव्या मॅनेजरला मात्र दम धरवत नव्हता. टाकी नुसती वाफ पिते, असं म्हणून त्यानं ती बंद करायला सांगितली. जीव गारठून मेले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, हे तिनं परोपरीनं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि बॉयलरवर फोन लावला.

बॉयलर सांभाळायची तिची नणंद. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एका छपराखाली राहून बोलणं कामापुरतं. टाकीकडे जाणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह आवळायला ती पाना घेऊन आली, तेव्हा जंतूबाई व्हॉल्व्हसमोर आडवी उभी होती. पाइपाच्या धगीनं तिची पाठ भाजत होती.

"वन्सं, मी हलणार नाही."

नणंदेनं टाकीत डोकावलं. यात खरंच काही जिवंत आहे का, असं तिनं विचारलं. जंतूबाईनं तिचा पाना मागून घेतला, घासून लख्ख केला आणि टाकीतल्या पाण्यात बुडवून धरला. बाहेर काढला तेव्हा लोखंडावर तांब्याची लाली चढली होती, जिवांनी दगडातून सोडवलेल्या तांब्याची.

एवढ्यात मॅनेजर आलाच. पान्याला रंग चढला म्हणून खाण चालत नाही, असं तो म्हणाला. तेही खरंच होतं.

नणंद शांतपणे म्हणाली, "भट्टीच्या धुरानं माझे वडील खोकून खोकून गेले. ही टाकी कुणाला खोकायला लावत नाही. मी वाफ तोडणार नाही."

त्यानं दोघींना कामावरून काढलं. पण दुसऱ्या पाळीच्या बॉयलरवाल्यानंही व्हॉल्व्हला हात लावला नाही, तिसऱ्यानंही नाही. टाकी तापलेली राहिली. पुढे त्याच पाण्यातून तांब्याचा पहिला पत्रा निघाला, तेव्हा मॅनेजरनं निरोप धाडला: माफी मागा आणि रुजू व्हा.

जंतूबाई नणंदेला घेऊन फाटकातून आत शिरली आणि थेट टाकीवर चढली. माफी मागायला ऑफिसकडे दोघींपैकी कुणीच वळलं नाही.