घसा बसलेलं नरसाळं

मित्रांनो, मी रसायनशाळेतलं एक जुनं, काचेचं नरसाळं. एका कारागिराने भट्टीसमोर फुंकून मला घडवलं. तेव्हापासून वरून येईल ते खाली सोडायचं आणि घाण तेवढी गाळणकागदात अडवायची, हा माझा धंदा. पाहुणे येणार असले की मला पुसून पुढच्या फळीवर मांडतात. पाहुणे गेले की मी पुन्हा सिंकमध्ये. तक्रार नाही, सिंकमध्ये सोबत बरी असते.

परवा परीक्षा होती. वर्गात जिला सगळे 'एक्सप्रेस' म्हणतात, त्या मुलीला स्वतः बनवलेलं बेंझोइक आम्ल शुद्ध करायचं होतं. पिवळट पूड, तीही चिमूटभर. दुसरी मिळणार नव्हती. स्फटिक आले नाहीत तर वर्ष गेलं.

तिने पूड उकळत्या पाण्यात विरघळवली आणि कचरा गाळायला तो द्रव तसाच माझ्यात ओतला. मी नुकतंच नळाखालून आलेलं, थंडगार. आम्ल माझ्या घशातच गोठलं. खाली थेंब पडेना.

"ताई, सळई घालून ढोस," शेजारच्या टेबलावरून तिची मावसबहीण कुजबुजली.

"आणि फुटलं तर?"

"तर मावशीला मी सांगते. तू काही दिवस घरी जाऊ नकोस."

सळई माझ्या घशाशी आली. तेवढ्यात मागून बाई म्हणाल्या, "घसा बसलाय त्याचा. तुझा बसला की सळई घालतेस?"

"नाही बाई. गरम पाणी पिते."

"मग त्यालाही पाज. घाई तुझी, शिक्षा त्याला कशाला?"

तिने मला बाहेरून वाफ दिली, आतून उकळतं पाणी थोडं थोडं पाजलं. आम्ल विरघळून खालच्या चंचुपात्रात उतरलं. जास्तीचं पाणी तिने आटवलं. मग हात सवयीने बर्फाकडे गेला.

"निवू दे आपलं आपण," बाई म्हणाल्या.

एक्सप्रेस स्टुलावर बसली. ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पाणी निवत गेलं तसे सुयांसारखे पांढरे स्फटिक उगवले. पिवळेपणा पाण्यातच राहिला. बाईंनी ते वाळवून वितळणबिंदू तपासला आणि "जमलं" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक.

तेव्हा मित्रांनो, उकळतं काही ओतण्याआधी नरसाळं जरा गरम करून घ्या. झोपेतून उठवून कामाला जुंपलं, तर तुमचं तरी कुठे नीट होतं?

निघताना एक्सप्रेसने मला कोमट पाण्याने धुतलं, पुसलं. या धुण्यापुसण्याला परीक्षेत गुण नसतात, हे तिला माहीत होतं.