धाड खोडून मोताळा

नारायणराव सर जाऊन अकरा दिवस झाले होते आणि वाहेदभाईंना अजून रडू आलं नव्हतं. जेवत होते, नमाजला जात होते, छापखान्याचं कुलूप उघडून बसत होते. सुनावणीच्या दिवशीही ते तसेच उठले, कापडी पिशवीत जुनी प्रुफं कोंबली आणि बुलढाण्यातल्या सरकारी सभागृहात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सुनावणी धाड गावाजवळच्या माळाची होती. तिथं सौर प्रकल्प येणार होता. त्या माळावर तणमोर हा दुर्मिळ पक्षी घरटी करतो असं ठरलं, तरच प्रकल्प दुसरीकडे जाणार होता. आणि तणमोराचा जिल्ह्यात एकच साक्षीदार, तो म्हणजे सरांची पाच पुस्तकं. हा शाळामास्तर चाळीस वर्षं सायकलवर माळ पालथे घालत हिंडला; त्याच्याआधी इथल्या पाखरांवर कुणी चार ओळी खरडल्या नव्हत्या.

अधिकाऱ्यांनी पुस्तक उघडलं. "सरांच्या नोंदीप्रमाणे घरटी सगळी मोताळ्याकडची. धाडचं नावही नाही."

"बाबांचं अक्षर न् अक्षर खरं आहे," पहिल्या रांगेतून वंदना म्हणाली. सरांची ही मुलगी माळ वाचवायलाच आली होती, पण बापाच्या पुस्तकापुढे तिचंही काही चालेना.

वाहेदभाईंनी मांडीवरची पिशवी चाचपली. पाचही पुस्तकांचे छपाईचे खिळे त्यांनीच जुळवले होते. पुस्तकांच्या आधी सरांनी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता, त्यात तणमोराच्या दुसऱ्याच एका माळाचा पत्ता पाणंदीसकट दिला होता. पुढच्या पावसाळ्यात फासे घेऊन माणसं तिथं पोचली. अंडीसुद्धा ठेवली नाहीत. सर दोन दिवस छापखान्यात येऊन नुसते बसले. तिसऱ्या दिवशी पहिल्या पुस्तकाच्या प्रुफावर त्यांनी लाल शाई फिरवली.

"वाहेद, धाड खोड न् मोताळा टाक."

"सर, हे त खोटं व्हते."

"होऊ दे. तिकडं निरी कपाशीची पऱ्हाटी हाय, तणमोर नाही. हिंडू दे लेकाच्यायले. पन कोनाले सांगजो नको, माह्या पोरीलेही नाही."

तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. केवढे शहाणे!

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

वाहेदभाई उठले. सगळं सांगितलं, प्रुफं टेबलावर ठेवली. वंदना पुढे आली, लाल शाईतलं अक्षर तिनं पाहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

"पाखरं खरी हायेत, साहेब. गावं तेवढी खोटी, पाचही पुस्तकात. म्याच बदलली."

"तुम्ही स्वतः धाडला तणमोर पाहिलाय?"

सर दरवर्षी म्हणायचे, चाल एकदा माह्यासंगं. दर खेपेला कुणाच्या तरी लग्नपत्रिका निघायच्या आणि पुढच्या पावसाळ्यात नक्की, असं ठरायचं.

"नाही, साहेब. म्या फक्त छापला."

"मग ही पाचही पुस्तकं पुरावा म्हणून धरता येणार नाहीत," अधिकारी सावकाश म्हणाले. कारकुनानं ते लिहून घेतलं.

बाहेर कडुलिंबाखाली वंदना भेटली. वाहेदभाईंना वाटलं, आता ही बोलेल, आपण रडू.

"तुले सांगाले सरानं नाही म्हनलं व्हतं, बेटा," ते म्हणाले. "तुले तरी त्यायनं माळावर नेलं असन?"

"नाही, काका. मी पुस्तक वाचून मोताळ्याले गेलती. दोन पावसाळे. दिवसभर पऱ्हाटीतून हिंडली." तिनं पदरानं चष्मा पुसला. "घरी आल्यावर बाबा म्हने, तणमोर दिसाले नशीब लागते."

वाहेदभाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. रडू काही आलं नाही.