मालकांचा वाढदिवस

आमच्या रुआँ शहरातल्या नाटकमंडळीत एका जुन्या नाटककाराचा संगमरवरी पुतळा आहे, त्याला सगळे ‘मालक’ म्हणतात. वर्षभर हे मेले नट मालकांच्या डोक्यावर टोप्या अडकवतील. पण वाढदिवसाला पुतळा रंगमंचावर येतो आणि प्रत्येक नट त्यांच्याच नाटकातलं एक वाक्य त्यांना ऐकवतो. त्या दिवशी कुणी कुणाला वाक्य सुचवायचं नाही. मालकांपुढे लबाडी चालत नाही.

मी कपडेपटवाली. यंदा विंगेत जीव मुठीत धरून उभी होते ती आमच्या सगळ्यांत जुन्या नटासाठी, ओनोरँकाकांसाठी. माझ्याच बास्तियाँने, पोटच्या पोराने, मॅनेजर मादामचे कान भरले होते, "म्हातारा विसरतो. त्याची भूमिका मला द्या." मादाम म्हणाल्या होत्या, "यंदा अडखळले, तर घरी बसवते."

काका कुठले अडखळतात! खणखणीत वाक्य म्हटलं, मालकांना पानांचा मुकुट घातला. मग बास्तियाँ पुढे आला, तोंड उघडलं, आणि गप्प! पार कोरा! घामाने चेहऱ्यावरचा रंग ओघळला. मी सुई बोटात खुपसून घेतली. तेवढ्यात शेजारी उभ्या काकांनी त्याचं वाक्य हळूच पुटपुटलं. पोराने ते उचललं आणि टाळ्या घेतल्या.

पडदा पडताच मादाम धावत आल्या. "बास्तियाँ, काय सुरेख थांबलास रे! आणि ओनोरँ, अहो, तुम्ही दुसऱ्याची वाक्यं बडबडायला लागलात? ऐकलं मी पलीकडच्या विंगेतून. पुरे झालं आता, आराम करा."

काकांनी बास्तियाँकडे पाहिलं. बास्तियाँने बुटांकडे.

"अहो मादाम..." मी सुरुवात केली, तर काकांनी मला डोळ्यांनीच दटावलं.

"खरंय," ते म्हणाले, "वय झालं."

मग त्यांनी भूमिकेचा अंगरखा उतरवून माझ्या हातात दिला. "पोर माझ्याहून बारीक आहे. बाजूने थोडा आत घे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असा कसा निपजला हा माझ्या पोटी? सगळे गेल्यावर मी रंगमंचावरच मापाची फीत घेऊन बास्तियाँसमोर उभी राहिले. म्हटलं, अजून बोलेल. ‘आई, थांब, मादामना खरं सांगून येतो,’ एवढंच म्हणू दे, देवा!

"घेऊ माप?" मी विचारलं.

त्याने मालकांकडे पाठ केली आणि हात पसरून उभा राहिला.