उजव्या गालातली पट्टी

चिमट्यात धरलेली पट्टी नखाएवढी होती, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी पातळ – आणि ताजुन्निसाच्या उजव्या गालातून ती आत्ताच सुटून जिभेवर आली होती. बावीस मिनिटं. राहायला हवी होती चार तास.

चिंचोक्याच्या पिठातला चिकट भाग वेगळा काढायचा, त्यावर अशी प्रक्रिया करायची की तो गालाच्या ओल्या अस्तराला घट्ट धरून बसेल, आणि ज्यांना गोळी गिळवत नाही त्यांच्या अंगात औषध गालातूनच हळूहळू उतरेल – सौदीतल्या दम्मामच्या या लहानशा प्रयोगशाळेत तिची दोन वर्षं यातच गेली होती. औषध घालण्याआधी कोरी पट्टी आपल्याच गालात लावून बघायची, नेहमी उजव्या, ही तिची सवय. हिवाळ्यात हीच पट्टी जागची हलली नव्हती. मग आता... चिंचोके जुने, ओव्हन बिघडलेलं, बाहेरची दमट हवा – सगळ्यांना बोल लावून तिनं दोन बॅचेस फेकून दिल्या होत्या. ही तिसरी.

"आपा, माझी अजून बसलीय," इफरा म्हणाली. श्रीवर्धनची ही मुलगी गेल्याच आठवड्यात मदतनीस म्हणून लागली होती, आणि आज सकाळी, ताजुन्निसाच्या बऱ्याच आधी, तिनंही पहिल्यांदाच पट्टी लावून घेतली होती. "साडेतीन तास झाले. निघतच नाय."

"याच बॅचची?"

"तुमच्या शेजारचीच कापलेली."

ताजुन्निसानं दुसरी पट्टी घेतली आणि डाव्या गालात दाबली. अर्धा तास, एक तास... हलेना. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, दोनदा. ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली, मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर उजवा गाल ओढून धरला.

पांढरा डाग. रियालच्या नाण्याएवढा, खडबडीत.

जिभेला काहीतरी खरखरतं असं वाटत नव्हतं का? वाटत होतं. मला वाटत होतं, आणि मी जीभ दुसरीकडे वळवत होते. त्या जागी रोज पहाटे काय दाबलेलं असतं हे तिच्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हतं – मिश्री. पंधराव्या वर्षी दाढ ठणकत होती तेव्हा आईनं तंबाखू तव्यावर भाजून, कुटून बोटावर दिली होती. दाढ कधीच काढली, मिश्री राहिली. खेडहून कुणी आलं की मसाल्याच्या पुड्यांत तीही यायची. एकोणीस वर्षांच्या संसारात मुआजला, नवऱ्याला, पत्ता लागला नव्हता. नळ सोडला की बाहेर काही कळत नाही. आणि ही बाई म्हणे औषधशास्त्रातली डॉक्टर! अशा डागावर अस्तर जाड, कोरडं होतं, पट्टी धरत नाही – हे तिनंच गेल्या वर्षी अहवालात लिहिलं होतं. डाग म्हणजे कर्करोगच असं नाही, हेही लिहिलं होतं. तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही, हेही... किती शांतपणे लिहिलं होतं ते, चहा पीत.

आणि या सगळ्यात तिला हवी काय होती, तर चिमूटभर मिश्री. स्वतःची इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती.

दारावर टकटक झाली. "आपा, वहीत काय लिहू? फेल?"

तिनं दार उघडलं. "पास लिही."

"मग तुमची का निघाली? कारण लिहावं लागतं ना."

खोटं बोलणं सोपं होतं. इतकी वर्षं सोपंच होतं. ओठांवर आलंही – नीट दाबली नव्हती, जेवण झालं होतं...

"कारण माझ्या तोंडात आहे," ताजुन्निसा म्हणाली. "मी मिश्री लावते."

नवऱ्याला न सांगितलेलं आठवड्याच्या ओळखीतल्या मुलीला सांगून झालं होतं. आता रडू येईल असं वाटलं; आलं नाही. ती नुसती उभी राहिली, तोंड किंचित उघडं ठेवून, जीभ त्या जागेला लागू नये म्हणून.