मार्शलने खोडलेली नावं

सलोनीला कुनोचा राग यायला चार वर्षं लागली, पण आला तो असा की ताटावर बसलं तरी घास उतरेना.

कुनो मरून साडेसहाशे वर्षं झाली होती. युरोपच्या उत्तरेत लढणाऱ्या धर्मयोद्ध्यांच्या एका संघाचा तो मार्शल, म्हणजे संघप्रमुखाच्या खालोखालचा माणूस, सगळी फौज त्याच्या हाताखाली. संघात आला तेव्हा घोड्यांच्या पागेवर देखरेख करायचा. पुढे एका किल्ल्याचा अधिकारी झाला आणि गोठलेल्या दलदलीतल्या एका लढाईनंतर थेट मार्शल. त्या लढाईत एकतीस जण मेले, पण संघाचं निशाण वाचलं. ते कुनोने वाचवलं, असं सगळी पुस्तकं सांगत. मराठीतलं एकुलतं पुस्तकही तेच सांगे. ते लिहिलं होतं सलोनीच्या पीएचडीच्या गाइडनी, यवतमाळच्या डॉ. नरहर सरांनी.

सलोनी मारेगाव तालुक्यातली, शेतकऱ्याची पोरगी. वणीच्या कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायची. लॅटिन शिकली ती मोबाइलवर. एका मठाने आपली जुनी वही नेटवर टाकली होती, ती तिने दोन हिवाळे एकेक अक्षर लावत वाचली. मेलेल्या योद्ध्यांसाठी मठात रोज प्रार्थना व्हायची, त्यांच्या नावांची ती वही. त्यात ती एकतीस नावं होती, आणि सगळी खोडलेली. कडेला लिहिलं होतं, 'मार्शलच्या हुकमावरून. हे पळाले.' दोनच पानं आधी, त्यांना पुरणाऱ्या साधूने नोंदवलं होतं, 'सर्वांच्या जखमा छातीवर.'

पळाला होता कुनो. निशाण घेऊन पळाला, आणि मेलेल्यांना पळपुटे ठरवून वर चढला.

नरहर सरांनी प्रबंधाचं पाचवं प्रकरण लाल रेघ मारून परत दिलं.

"हे काढ."

"सर, पुरावा आहे."

"पुरावा? लॅटिन किती येतं तुला? मी कुनोवर तीस वर्षं घालवली आहेत. भावनेच्या भरात इतिहास लिहीत नसतात. काढलंस तर सही करतो."

ती एसटीने घरी आली. मारोतराव, तिचे वडील, अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होते.

"काहून तोंड पाडून राह्यली?"

तिने सांगितलं. मारोतरावांनी काठी खाली ठेवली.

"थांब. थो पयाला, ते समजलं मले. जिवाची भीती कोणालेई वाटते. पण मेलेल्याइचे नाव कायले खोडले त्यानं?"

"नाव राह्यलं असतं तर कोणीतरी इचारलं असतं ना बाबा, की हे कसे मेले."

"मंग तू काढू नोको," ते म्हणाले आणि पुन्हा काठी उचलली. या खेपेला शेंगांवर जरा जोरातच बसली.

प्रबंध देण्याआधी समितीपुढे बोलावं लागतं. सलोनीने तिथे पाचवं प्रकरणच मांडलं. सर मध्येच उठले, "हे माझ्या संमतीशिवाय चाललंय." समितीच्या प्रमुख प्रभावती मॅडम म्हणाल्या, "बसा सर. वहीचं पान दाखव गं." पान पडद्यावर आलं. मॅडमनी ते वाचलं आणि प्रकरण राहू द्यायला सांगितलं.

त्याच आठवड्यात सरांनी गाइडपद सोडलं. नवे गाइड मिळायला सव्वा वर्ष गेलं, वणीच्या तासिकाही गेल्या, कोणी केलं ते कोणी सांगितलं नाही. पदवी मिळाली. पण राग गेला नाही. तो आता दोघांवर होता, कुनोवर आणि सरांवर.

आणि परवा सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. यवतमाळच्या टाऊन हॉलात प्रकाशन. सलोनीने विकायला ठेवलेली प्रत उभ्या उभ्या चाळली. पान एकशे बारा: 'अलीकडे आमच्या हाती आलेल्या वहीवरून कुनोच्या चारित्र्यावर नवा प्रकाश पडतो.' एकतीसही नावं तिथे होती, तिने लावलेल्या क्रमाने. तिचं नाव कुठेच नव्हतं.

तिची कानशिलं तापली. प्रत घेऊन ती सह्यांच्या रांगेत उभी राहिली.

सरांनी मान वर केली. क्षणभर थबकले, मग हसले आणि पहिल्या पानावर झरझर लिहिलं, 'चि. सलोनीस, अनेक आशीर्वाद.'

"आशीर्वाद नको सर," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "एकशे बारा पान उघडा. वही कोणी शोधली ते लिहा."

"हे असं बोलायचं ठिकाण आहे का? विद्यार्थी काही ना काही आणतच असतात."

"मी काही ना काही नाही आणलं. दोन वर्षं डोळे फोडलेत. लिहा."

रांगेतली माणसं पुढे झुकली. प्रकाशक खुर्चीतून उठला. "सर, काय म्हणतात या?"

सरांनी मागच्या माणसाच्या प्रतीसाठी हात पुढे केला. सलोनी हलली नाही. "बाई, बाजूला व्हा," असं मागून एक जण म्हणाला, तर दुसऱ्यानेच त्याला गप्प केलं, "ऐकू दे ना भाऊ."

शेवटी नरहर सरांनी पान उघडलं. लिहिताना पेन दोनदा अडलं. 'ही वही डॉ. सलोनी मारोतराव ढवस यांनी शोधली.' खाली सही.

तिने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि प्रकाशकाचा नंबर विचारून तिथल्या तिथे त्याला पाठवला. "उरलेल्या प्रतींत चिठ्ठी चिकटवा. नाही तर हा फोटो विद्यापीठात जाईल."

"लावतो ताई," प्रकाशक म्हणाला.

"आता समाधान झालं?" सरांनी दात आवळून विचारलं.

"नाही," सलोनी म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली.