चौकटीबाहेरचा आवाज

मालिकेच्या तिसऱ्या भागात दर्शना घाडीचा उजवा हात चार सेकंद दिसतो. चहाचा कप ओट्यावर ठेवतो आणि निघून जातो. लालबागच्या त्यांच्या चाळीत हे सगळ्यात आधी शेजारच्या कमलकाकूंनी हेरलं. "तुझो हात दिसलो गो," त्या गॅलरीत कौतुकाने म्हणाल्या, "बांगडीवरसून वळाखलंय."

दर्शना हसली आणि आत येऊन तिने दार लोटून घेतलं.

चार सेकंद. आणि कॅमेऱ्यासमोर बोलली होती ती तीन दिवस. तिचा धाकटा भाऊ शिवा क्रूझवर स्वयंपाकी होता. चार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बंदरावर तो उतरला तो परत चढलाच नाही. कुठल्याशा गावात हॉटेलच्या किचनमध्ये राबत राहिला. मग एका सकाळी तिथल्या इमिग्रेशनवाल्यांची धाड पडली, शिवा पाच महिने कोठडीत बसला आणि शेवटी हातकड्या घालून त्याला विमानाने परत पाठवलं. त्या पाच महिन्यांत परळच्या शाळेतली क्लार्कची नोकरी सांभाळून दर्शनाने वकील शोधला, ईमेल लिहिले, फॉर्म भरले, पहाटे उठून तिकडच्या ऑफिसांना फोन लावले. आई गेली तेव्हा शिवा नऊ वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं. तेव्हा हे सगळं तिनेच करायचं, यात तिला काही विशेष वाटलं नव्हतं.

आकांक्षालाही तिनेच घरी आणलं. अशा परत पाठवलेल्या माणसांवर माहितीपट-मालिका करणारी ही शिवाजी पार्कची मुलगी अशी घरं शोधत होती, आणि तिला पहिला ईमेल दर्शनाचा गेला होता. शिवा तेव्हा अजून कोठडीतच होता. आकांक्षा आली, कॅमेरा लावला, 'दर्शनाताई, सावकाश सांगा' म्हणाली. दर्शनाने तारीखवार सगळं सांगितलं.

आणि मालिकेत काय आलं, तर शिवाची बायको मेघना. ओट्यापाशी बोंबील साफ करतेय. सात मिनिटं. एक शब्द नाही. बोंबलाचं डोकं काढते, पोट साफ करते, पुढचा घेते. मध्येच बाहेर फोन वाजतो, तिचा हात थांबतो, पुन्हा चालू होतो.

झालं. पेपरवाल्यांनी ते मौन डोक्यावर घेतलं. एका इंग्रजी पेपराने लिहिलं की अख्ख्या मालिकेचा प्राण त्या सात मिनिटांत आहे. दुसऱ्याने मेघनाचा ओट्याजवळचा फोटो पाव पान छापला. यूट्यूबवरचा एक पोरगा तर बोलता बोलता रडला. शाळेत मुख्याध्यापिका ऋता बाईंनी दर्शनाला मुद्दाम बोलावून सांगितलं की तुमच्या भावजयीचे डोळे दोन दिवस डोळ्यांसमोरून हलत नाहीत. दर्शनाने थँक्यू म्हटलं आणि जागेवर येऊन हजेरीपटात तीन चुका केल्या.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. या बाईने पाच महिन्यांत एक फॉर्म भरला नव्हता. आणि ते मौन! त्या मौनाची गोष्ट जगात फक्त दोघींना ठाऊक होती. त्या दिवशी सकाळी मेघना मोहरी रंगाचा नवा ड्रेस घालून आली होती. दर्शना कडाडली होती की नवरा कोठडीत आणि तू कॅमेऱ्यासमोर नटतेस? मेघनाने निमूटपणे जुना गाऊन चढवला आणि संध्याकाळपर्यंत अबोला धरला. याला हे लोक दुःख म्हणत होते.

बाहेर जाऊन कुणाला सांगायची सोय नव्हती. शिवाशी बोलावं तर तो मालिकेचं नाव काढलं की चपला घालून खाली जायचा. लोअर परळला एका केटरिंगच्या किचनमध्ये त्याला काम मिळालं होतं. तो जायचा, यायचा, जेवायचा. त्याने एकही भाग पाहिला नव्हता.

मग एका मराठी साप्ताहिकात शंतनु कारखानीस नावाच्या समीक्षकाचा लेख आला. दर्शनाने तो ऑफिसात डबा खाता खाता वाचला. मेघनाचं कौतुक होतंच, त्याची आता सवय झाली होती. पण पुढे लिहिलं होतं: "या प्रसंगात चौकटीबाहेरून एक हुकमी आवाज सतत येत राहतो. मेघना, गॅस बारीक कर. मेघना, फोनला हात लावू नको, मी घेते. पहारा फक्त सीमेवर नसतो, तो घरातही असतो, हे दिग्दर्शिकेने किती सहज सुचवलं आहे."

तिने तो परिच्छेद पुन्हा वाचला. म्हणजे हात दिसला चार सेकंद, आणि आवाज ठेवला तो पहारेकऱ्याचा.

पुढच्या रविवारी सकाळी दादरच्या एका छोट्या सभागृहात मालिकेवर चर्चा होती. आकांक्षा, मेघना आणि हाच शंतनु कारखानीस. आमंत्रण मेघनाला होतं. मेघना म्हणाली, "ताई, तुम्ही पण या." दर्शना एरवी गेली नसती. पण आता तिला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं, आणि भर सभेत उठून ड्रेसची गोष्ट सांगायची होती. कळू दे लोकांना, मौन कसलं होतं ते.

सभागृहात पन्नास-साठ माणसं असतील. मेघनाने आज तोच मोहरी ड्रेस घातला होता, हे दर्शनाला घरातून निघतानाच खुपलं होतं. शंतनु कारखानीस चांगला पन्नाशीचा, मृदू बोलणारा निघाला. त्याने थोडा वेळ मालिकेबद्दल सांगितलं आणि मग मेघनाकडे वळून विचारलं की त्या सात मिनिटांत तुमच्या मनात काय चाललं होतं.

मेघनाने माइक दोन्ही हातांनी धरला. तिला सभेत बोलायची सवय नव्हती.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला काही माहीतच नव्हतं. हे कुठल्या गावात आहेत, तिथे जेवायला काय देतात, काही नाही. कोठडीत त्यांना एक नंबर दिला होता, तो सांगितल्याशिवाय तिथलं कुणी काही सांगायचं नाही. तो नंबर ताईंकडे होता. बोलायचं काय मग?"

कुठलीच तक्रार नव्हती त्यात. बाजारभाव सांगावा तसं ती सांगत होती. पण दर्शनाच्या कानशिलात रक्त चढलं. माइक फिरत फिरत तिच्या रांगेत आला तेव्हा तिने हात वर केला आणि उभी राहिली.

"मी यांची नणंद. तो बाहेरचा आवाज माझा आहे," ती म्हणाली. माना वळल्या. "तुम्ही सगळे त्या मौनाबद्दल लिहिता म्हणून सांगते. त्या दिवशी ती माझ्यावर रुसली होती. नवा ड्रेस घातला म्हणून मी तिला ओरडले, बदलायला लावला. एवढीच गोष्ट आहे ती."

तिला वाटलं होतं लोक हसतील, निदान मेघनाचा चेहरा उतरेल. कुणी हसलं नाही. शंतनु कारखानीसने हळूच मान हलवली, आणि पुढच्या रांगेतली एक बाई तिच्याकडे अशी बघायला लागली की दर्शनाला स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. ओरडले. बदलायला लावला. मेघनाला उघडं पाडायला ती उठली होती. ती खाली बसली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या कशासाठी हे तिला कळलं नाही.

परतताना दोघी टिळक पुलावरून चालत पूर्वेला निघाल्या, तिथून लालबागची बस मिळते. पुलावर ऊन होतं.

"ताई, ते सांगायची गरज नव्हती," मेघना शेवटी म्हणाली.

"तुला कमी लेखायला सांगितलं मी," दर्शना म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

"कळलं मला."

मेघना दोन पावलं पुढे गेली, मग कठड्यापाशी थांबली. म्हणाली, "तो नंबर अजून आहे तुमच्याकडे? ते रात्री झोपेत आकडे बोलतात. इंग्रजीत. मी विचारलं तर सांगत नाहीत."

दर्शनाला हे ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडे भाऊ झोपेत काय बोलतो, हे या बाईला ठाऊक होतं आणि तिला नाही. पुन्हा तीच जुनी कळ आली, पेपरातला पाव पानाचा फोटो पाहून यायची तशी. नंबर फाइलमध्ये होता, शोधून देते, असं म्हणता आलं असतं. पण तिला तो पाठ होता.

तिने नऊ आकडे सांगितले, सावकाश, तीन तीन करून. द्यावंसं वाटत नव्हतं, तरी सांगितले. मेघना ओठ हलवत मागोमाग म्हणत गेली. सहाव्या आकड्यावर ती चुकली, तेव्हा दर्शनाने तिला थांबवलं आणि पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावलं.